पान नंबर घाल की!

८ जानेवारी, बुधवार

आलं: लॅपटॉप एक, वापरलेला — साडेचौदा हजार (सतरा सांगत होता!). माउस — अडीचशे. पेन ड्राइव्ह — तीनशे ऐंशी. नारळ — पस्तीस. झेंडूचा हार — वीस. हार देवाला. कुंकवाचं बोट मात्र दोघांना. दिपाली ओरडली, "आई, पडद्यावर नको! झाकणाला लावा." झाकणाला लावलं.

पिंपरीहून रिक्षा केली नाही. बसने आलो, मशीन मांडीवर घेऊन, लेकरासारखं. पुनावळ्याला उतरेपर्यंत पाय बधिर.

सुनेला लग्नातल्या मंगळसूत्रानंतर एवढ्या किमतीची वस्तू पहिल्यांदाच घेतली. हे म्हणाले, "शेखरला विचारलंस का?" म्हटलं, पोरगा चाकणला सेकंड शिफ्टला गेलाय, आला की बघेल. पैसे माझे, पोस्टातले.

दिपालीला माणच्या एका कंपनीने काम दिलंय, घरी करून पाठवायचं. वीस तारखेपर्यंत. जमलं तर मुलाखत. इंजिनिअर आहे पोरगी, पण निशिगंधा झाली तेव्हा नोकरी सोडली, त्याला सहा वर्षं झाली. इतक्या वर्षांनी कोण विचारतो? ह्या कंपनीने विचारलं — म्हणजे देवानेच विचारलं.

तिला नोकरीची घाई आहे ती पगारासाठी नाही. तिची आई, सुमनताई, सांगोल्याला शाळेत शिक्षिका होत्या. एकटीने शिकवलं हिला. हिने नोकरी सोडली आणि माय-लेकीत अबोला पडला. फोन केला तर उचलत नाहीत. आज दिपाली म्हणाली, "नोकरी लागली की आईला कळवीन. त्याआधी कुठल्या तोंडाने?"

मी भांडी घासायला गेले.

१० जानेवारी, शुक्रवार. एकादशी

कंपनीची अट अशी — पुष्कळ माहिती घ्यायची, एकमेकांत गुंतलेली. ती मशीनमध्ये भरायची. मग डिस्कवर ठेवायची, तयार काही न वापरता, आपल्याच पद्धतीने. मशीन बंद करून उघडलं तरी जशीच्या तशी परत आली पाहिजे.

"एकमेकांत गुंतलेलं काय घेऊ?" दिपाली विचारत बसली. मी माझी नात्यांची वही पुढे टाकली! दोनशे चौदा माणसं. ह्यांच्यासोबत बार्शीहून पिंपरीला आले तेव्हा आपल्याकडची माणसं शोधून शोधून लिहायला लागले — कोण कोणाची कोण. एका माणसाला एक पान. नाव, कुलदैवत, आई, नवरा किंवा बायको. हळदीकुंकू असो, बारसं असो, सोयरीक असो, आधी वही काढायची.

दिवसभर मी वाचलं, तिने भरलं. साबुदाणा पण तिथंच खाल्ला.

"आई, खा. पा. चाळीस म्हणजे?"

खाते पान! माझे वडील अडत दुकानात दिवाणजी होते, त्यांनी शिकवलेलं. शांताबाईची आई कोण, तर नाव परत लिहायचं नाही — 'खा. पा. ४०' लिहायचं. चाळीसावं पान उघडा, तिथं ती बसलेली आहे. शाई वाचते, चूक टळते.

दिपाली हसली. "पान नंबर नकोत आई. मशीन आपापलं जोडून घेतं."

बरं म्हटलं. जरासं लागलं मनाला.

१३ जानेवारी, सोमवार. भोगी

बाजरीची भाकरी, भोगीची भाजी, लोणी. दिपालीने डाव्या हाताने खाल्लं. उजवा मशीनवर. देवा, क्षमा कर तिला.

१४ जानेवारी, मंगळवार. संक्रांत

खालच्या सोजराबाईंकडे हळदीकुंकवाला गेले. ही बिल्डिंग उभी आहे ते त्यांचंच शेत होतं. वाण म्हणून स्टीलची गाळणी दिली, जाड आहे, टिकेल.

सोजराबाई सगळ्यांसमोर म्हणाल्या, "व्हय गं रुक्मिणीबाई, सुनंला कॉम्प्युटर घिऊन दिलास म्हनं? आता ती बसंल खुर्चीत, आन तू थापशील भाकरी!"

म्हटलं, "मी आत्ता तरी काय करते? लाडू वळते का?"

त्यांची सून जयमाला पदरात तोंड घालून हसली. तर तिच्याकडे बघून म्हातारी म्हणते, "तू नगं दात काढू. तुला मोबाईल बी धड उचलाया येत न्हाई, उलटा कानाला लावती." जयमाला म्हणाली, "आत्याबाई, तुमचं बोलणं आलं की मी मुद्दामच उलटा धरते." हसून हसून तिळगूळ सांडला!

१५ जानेवारी, बुधवार

झालं! झालं! दिपालीने हाक मारली — "आई, या, तुमची वही बघा." पडद्यावर नाव लिहिलं की त्याची आई, नवरा, त्याची आई, मागे मागे जात राहतं. मग 'साठव' दाबलं. डिस्कवर एक फाइल. परत 'उघड' दाबलं — सगळी माणसं हजर. वीस हजार पाचशे चव्वेचाळीस बाइट भरली म्हणे फाइल.

मी विचारलं, साध्या अक्षरांत का नाही लिहिलीस? वाचता तरी आली असती. म्हणाली, "बायनरी आहे आई. मशीनच्या डोक्यात जसं मांडलंय, तसंच्या तसं उचलून ठेवायचं. जागा कमी, वेळ कमी."

म्हणजे उरलेलं वरण पातेल्यासकट फ्रीजमध्ये. कळलं.

शिरा केला. तूप मोजलं नाही.

१६ जानेवारी, गुरुवार

आज मी काय करून बसले!

दिपाली निशिगंधाला शाळेतून आणायला गेली होती. मला रविवारच्या हळदीकुंकवासाठी दुर्गाबाई भोसल्यांचं कुलदैवत बघायचं होतं. वही वर, स्टुलावर चढावं लागलं असतं. मशीन समोरच होतं. 'वही' नावाची फाइल दिसली. दाबली. मशीनने इंग्रजीत काहीतरी लांबलचक सांगितलं — हे दाखवण्यासारखं नाही, असंच काहीतरी. खाली 'ओपन एनीवे'. दाबलं.

आणि समोर बघते तर — काळे चौकोन, प्रश्नचिन्हं, वाकडीतिकडी चिन्हं. मधेच एखादं नाव. दुर्गाबाई, मग चार चौकोन, तुळजाभवानी, मग दहा चौकोन. मला वाटलं, फाइल खराब झाली! पोरीची एवढी मेहनत! वीस तारीख तोंडावर!

तांदूळ निवडतो तसं निवडायला बसले. चौकोन दिसला की पुसला. प्रश्नचिन्ह दिसलं की पुसलं. दीड तास. त्या दोघी वाटेत भाजी घेऊन आल्या, त्यामुळे वेळही मिळाला. ओळीने दोनशे चौदा नावं, मधे एक खडा नाही! आणि सेव्ह केलं. ते येतं मला.

दिपाली आली. अभिमानाने दाखवलं.

आधी तिचा चेहरा पांढरा पडला. मग हसायला लागली. जमिनीवर बसून हसली. "आई, ते खडे नव्हते! नाती होती ती!"

हे खुर्चीतून म्हणतात, "तांदूळ टाकलेस आणि खडे ठेवलेस म्हण की." बत्तीस वर्षं कंपनीत फिटर होते, एक मशीन बिघडवलं नाही, म्हणून फार शहाणपण.

काल रात्रीचीच प्रत पेन ड्राइव्हमध्ये आहे, घाबरू नका, म्हणाली. प्रोग्राम बंद करून नव्याने सुरू केला, पेन ड्राइव्हमधली फाइल उघडली.

नावं आली. शांताबाईची आई विचारली. प्रोग्राम धाडकन बंद.

परत केलं. परत बंद.

मी तर पेन ड्राइव्हला हातही लावला नव्हता!

१७ जानेवारी, शुक्रवार. संकष्टी

काल दिपाली जेवली नाही. आज सकाळी कारण सापडलं. मला दोनदा समजावून सांगितलं, म्हणून लिहून ठेवते.

मशीनच्या डोक्यात प्रत्येक माणूस कुठल्यातरी जागी बसलेला असतो. शांताबाईपुढे 'आई' म्हणून तिने आईची जागा लिहिली होती — अमुक ठिकाणी बघ. तीच जागा फाइलमध्ये गेली. पण प्रोग्राम बंद झाला की सगळे उठून जातात. परत सुरू केला की नव्या जागी बसतात. फाइल मात्र जुनी जागा दाखवते. तिथं कुणीच नाही.

"मग बुधवारी कसं चाललं?"

"बंदच कुठं केलं होतं आई! मी नुसतं झाकण लावत होते. जुनी माणसं आतच बसून होती, म्हणून रस्ता सापडत होता." मग कपाळाला हात लावून म्हणाली, "तुम्ही ते चौकोन निवडले नसते ना, तर मी असंच पाठवलं असतं. त्यांनी पहिल्यांदा उघडलं असतं आणि पडलं असतं."

म्हणजे माझ्या चुकीने झाकलेली चूक उघडी पडली! मोरया, तुझी लीला. संध्याकाळी चंद्रोदयाआधी चिंचवडला जाऊन येईन म्हटलं, पण पाय निघेना. घरीच एकवीस दूर्वा वाहिल्या.

पण उपाय? तीन दिवस उरले. ती कागदावर बाण काढतेय, खोडतेय.

१८ जानेवारी, शनिवार

दुपारी डाळ निवडत होते. दिपाली शेजारी. उगाच बोलले — आपण काळेवाडीची खोली सोडली, मग रहाटणी, मग थेरगाव. लोकांच्या वह्यांत आपला काळेवाडीचाच पत्ता. लग्नाच्या पत्रिका घरमालकाकडे जायच्या, तो सगळीकडे स्वतःच जेवून यायचा! माझ्या वहीत म्हणून मी कुणाचा पत्ता लिहीत नाही. पान लिहिते. शांताबाई चार घरं बदलू दे, तिचं पान सदोतीसच.

दिपालीचे हात थांबले.

मी म्हटलं, "अगं, मग पान नंबर घाल की!"

ती डाळीचं ताट उलटंपालटं करून गळ्यात पडली. "आई, तुम्ही पहिल्याच दिवशी सांगितलं होतं!"

सांगितलं होतं खरं. तीच 'नकोत' म्हणाली होती. पण ते तिला आठवू दिलं नाही.

आता साठवताना जागा लिहायची नाही, खाते पान लिहायचं. उघडताना आधी सगळ्यांना आपापल्या पानावर बसवायचं, मग पानं बघून नाती जोडायची. दोन फेऱ्या. वडील वर्षअखेरीला असंच करायचे — आधी खाती उघडायची, मग नोंदी.

शेखरने आल्यावर विचारलं, "जेवायला काय?" म्हटलं, डाळ जमिनीवर आहे, वेचून आण.

१९ जानेवारी, रविवार

हळदीकुंकू खालीच उरकलं. वर युद्ध चालू.

पहिली भानगड — माझंच नाव! पडद्यावर 'रुक्मिणीबा' आणि पुढे काळा चौकोन. 'ई' गेली. हे म्हणाले, "बरं झालं, अर्धी कटकट गेली." दिपाली म्हणाली, नावाला तिने बत्तीस खणांचा डबा दिला होता, एकेका मराठी अक्षराला, काना-वेलांटीलाही, तीन-तीन खण लागतात. माझं नाव मावलं नाही. उलट 'बबी'ला बत्तीस खण, बहुतेक रिकामे!

हे मला पटेना. चिमूटभर हिंगाला पाच किलोचा डबा? मी म्हटलं, डबा देऊच नकोस. मालाच्या पावतीवर असतं तसं कर — आधी किती नग ते लिही, मग तेवढेच नग. तिने तसंच केलं. आधी लांबी, मग नाव.

फाइल किती झाली? नऊ हजार आठशे सहा! अर्ध्याहून कमी! शंभराच्या नोटेत दोनशेची भाजी आणल्यासारखं वाटलं मला.

दुसरी गोष्ट — फाइल आपलीच आहे, कुणी दुसरी नाही, हे ओळखायला सुरुवातीला खूण लागते. दिपाली म्हणाली, कुठलीही चार अक्षरं चालतात. मी म्हटलं, कुठलीही कशी? कुठल्या वहीच्या पहिल्या पानावर काय असतं?

श्री लिहिलं. बारा बाइट गेले. देवाला गेले, जाऊ देत.

मग मी निवडलेली ती फाइल तिने मुद्दाम उघडून बघितली. प्रोग्राम पडला नाही. म्हणाला — ही वही आपली नाही. सगळे टाळ्या वाजवतात! माझ्याच हातची वही, आणि आपली नाही!

शेवटी तिने यादी काढली, कुणाच्या आईचं पान लागत नाही त्यांची. एकतीस जुन्या बायका, त्यांच्या आयांची नावं कुणालाच माहीत नाहीत. आणि बत्तीसावी — दिपाली. पान एकशे अठ्ठ्याऐंशी. वहीत मी आईच्या रकान्यात रेघ मारलेली. मशीनमध्ये तिने शून्य भरलेलं.

"शून्य म्हणजे आई नाही असं नाही," ती म्हणाली. "शून्य म्हणजे पान अजून कळायचंय."

मी म्हटलं, लिहायचं राहून गेलं असेल. आणि दिवा लावायला उठले.

२० जानेवारी, सोमवार

सकाळी अकराला पाठवलं. मशीन पूर्ण बंद करून, चालू करून, पाच वेळा बघून. पाठवायचं बटण माझ्याकडून दाबून घेतलं तिने.

२१ जानेवारी, मंगळवार

काही नाही.

२२ जानेवारी, बुधवार

काही नाही. मेथी फार स्वस्त. ठेपले.

२४ जानेवारी, शुक्रवार

फोन आला! सोमवारी मुलाखत! दिपाली 'यस सर, यस सर' म्हणत गच्चीवर गेली, मी मागे पोळपाट घेऊन. का घेऊन गेले, कोण जाणे.

२७ जानेवारी, सोमवार

सकाळी दहीसाखर दिली. हिरवी साडी नेस म्हटलं, ती ड्रेस घालून गेली. शेखरने गाडीवर माणला सोडलं, थर्ड शिफ्ट करून आलेला, डोळे तांबडे, तरी सोडलं.

तीन वाजता आली. चप्पल काढायच्या आधी सांगायला लागली. तीन जण होते. त्यांनी फाइल अर्धी कापून दिली प्रोग्रामला. तो म्हणाला, वही अर्धवट आहे. एक माणूस रोखून बघत म्हणाला, "ये पहले बारा बाइट क्या हैं?" हिने सांगितलं — श्री. दुसरा, मराठी होता, हसायलाच लागला. "आमच्या आजोबांच्या दुकानात..." म्हणून त्याने पाच मिनिटं घालवली.

"आणि पान नंबरची कल्पना कुणाची, विचारलं का?" मी विचारलं.

"विचारलं. सांगितलं, आमच्याकडे दिवाणजींचं घराणं आहे."

दृष्ट काढली. मिरच्या तडतडल्या, पण ठसका नाही. लागली होती नक्की!

३० जानेवारी, गुरुवार

लागली! लागली! लागली! सोमवारपासून माण! कागद आला मेलवर. हे वाचायला चष्मा शोधत होते, डोक्यावर होता.

खाली पेढे द्यायला गेले. सोजराबाई पेढा तोंडात घालून म्हणाल्या, "आता भाकरी?" म्हटलं, शेखरला शिकवतेय. "बाप्या मानूस थापनार?" म्हटलं, चाकणला गाडीची दारं ठोकतो, भाकरी ठोकायला काय होतंय! जयमाला म्हणाली, "काकू, आमच्या ह्यांना पण शिकवणी लावा." सोजराबाई स्वतःच हसल्या शेवटी. म्हणाल्या, "शिकली पोर, लई बरं केलंस बाई."

संध्याकाळी दिपालीने आईला फोन लावला. रिंग गेली. परत लावला. गेली. तिसऱ्यांदा लावला नाही.

पेढ्याचा डबा मांडीवर तसाच. म्हणाली, "आईने मला टाकलंच, आई."

मला तिच्याकडे बघवेना.

१ फेब्रुवारी, शनिवार. गणेशजयंती

पूजेआधीच पोथीचं फडकं सोडलं. सहा वर्षं त्यात ठेवलेलं पत्र काढून दिपालीच्या हातात दिलं. निशिगंधाच्या बारशाआधी आलेलं. सुमनताईंचं, माझ्या नावे. 'इंजिनिअर केलं ते तुमच्या पोळ्या लाटायला का?' मला झोंबलं. ओल्या बाळंतिणीला कशाला दाखवायचं म्हणून ठेवलं. मग दाखवायला तोंड उरलं नाही. शेवटची ओळ होती — 'बारशाला येऊ का, ते कळवावे.' मी कळवलं नाही.

दिपालीने वाचलं. घंटाभर गच्चीवर उभी राहिली. खाली आली. डोळे लाल. म्हणाली, "उत्तर तुम्ही द्यायचं होतं ना? आता द्या." आणि पेन पुढे केलं.

पत्रावरचाच पत्ता घातला. असं लिहिलं —

सुमनताईंस, सप्रेम नमस्कार. पोरीचा दोष नाही. तुमचं पत्र मी तिला दिलं नव्हतं. तिला नोकरी लागली, स्वतःच्या हिमतीवर. नात सहा वर्षांची आहे, नाक तुमचं आहे म्हणतात. या. कधी येता, ते उलट टपाली कळवावे.